तपेल्याची कल्हई

तांबं आळशी आहे, असं मी तेवीस वर्षं मुलांना शिकवलं. जस्ताचा तुकडा हायड्रोक्लोरिक ॲसिडात टाकला की फसफसतो. लोखंड रडतखडत का होईना, बुडबुडे काढतं. तांबं नुसतं पडून राहतं. मुलं परीक्षानळी हलवतात, डोळ्यांजवळ नेतात, आणि "मॅम, कुछ हो ही नहीं रहा" म्हणून माझ्याकडे बघतात. मी सांगायचे, घाई करू नका, त्याला हवेची सोबत लागते. हवेतला ऑक्सिजन आधी तांब्याला काळवंडवतो, मग तो काळा थर कुठल्याही आंबट पदार्थात चटकन विरघळतो, आणि जे विरघळतं ते पोटात गेलं तर माणूस उलटी करतो. शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घ्यायला लावायचे आणि खाली रेघ मारायला लावायचे.

मी कडक होते. माझ्या जिभेला धार आहे हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. घरी मात्र ती धार कुणावर चालत नसे, कारण घरी सासूबाई होत्या.

आमचं घर म्हणजे भोपाळच्या बरखेड्यातलं कारखान्याचं क्वार्टर. नवरा कारखान्यात, मी तिथल्याच शाळेत केमिस्ट्रीला. सासरे गेल्यावर सासूबाई नागपूरहून आमच्याकडे आल्या त्या दोन ट्रंका आणि एक मोठं तांब्याचं तपेलं घेऊन. पंधरा-वीस माणसांची कढी होईल एवढं ते तपेलं. ते ओट्यावर ठेवलं त्या क्षणी माझं स्वयंपाकघर त्यांचं झालं. मी कुकर लावला तर त्या झाकण उघडून भात दाबून बघायच्या आणि काही न बोलता आणखी पाच मिनिटं गॅस पेटवायच्या. मी वरणात हिंग घातला की त्या डबा हातातून घ्यायच्या. एकदा मी म्हणाले, "आई, सोडा घातल्यावर डाळीतली जीवनसत्त्वं जातात." त्यावर त्या हसून म्हणाल्या, "तुझी केमिस्ट्री शाळेत, बाई. इथं माझा हात करते ते खरं." त्या वेळी माझा नवरा जेवत होता. तोही हसला. अकरा वर्षं मी ते हसू विसरले नाही.

त्यांच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या. पण बोटांनी त्यांना सगळं कळायचं. पीठ किती मळलं गेलं, ताट धुतलं गेलं की नुसतं विसळलं, भांड्याची कल्हई कुठे उडाली आहे, हे त्या बोट फिरवून सांगायच्या. कल्हई म्हणजे आतून चढवलेला कथलाचा मुलामा. तो असला की तांब्याला आंबट लागत नाही. तो उडाला की ताक कळकतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्यांना बोटातून.

एका दिवाळीच्या आधी मी शाळेतून आले तर सासूबाई घरात नव्हत्या. शेजारी विचारलं, मंदिरात बघितलं. तासाभराने एका ऑटोतून त्या उतरल्या, मांडीवर तपेलं घेऊन. जुन्या भोपाळात, चौकामागच्या एका गल्लीत अजून एक कल्हईवाला बसतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेवढ्यावर ही शहात्तर वर्षांची, धड दिसतही नसलेली बाई एकटी तिथवर जाऊन आली होती. तपेलं आतून चांदीसारखं झालं होतं. भात्याची धग, नवसागराचा धूर, कापसाच्या बोळ्याने कथील कसं झरझर पसरलं, हे त्या लहान मुलीसारखं सांगत होत्या. मग माझा दंड धरून म्हणाल्या, "त्याला सांगू नको हं. ओरडत बसंल मला. आपल्या दोघींतच राहू दे."

मी नाही सांगितलं. अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

फेब्रुवारीत त्या एका लग्नासाठी नागपूरला गेल्या. घर माझं झालं. त्या दिवसांत जिथे जावं तिथे दिवाणखान्यात तांब्याची भांडी दिसायची, आत मनी प्लांट, बाहेरून आरशासारखी चमक. मी तपेलं काढलं आणि बाहेरून चिंच-मीठ लावून लखलखीत केलं. पण आतला पांढुरका मुलामा काठावर दिसत होता आणि मला ते आतून-बाहेरून तांबडं हवं होतं. बाथरूम साफ करायच्या ॲसिडची बाटली होतीच. मागच्या अंगणात नाकाला ओढणी बांधून मी दोन संध्याकाळी बसले. कथील ॲसिडात विरघळतं, तांबं तसंच राहतं. शिकवताना मी हे कितीदा फळ्यावर लिहिलं होतं, पण असं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं नव्हतं. बारीक बुडबुडे यायचे, करडं पाणी व्हायचं, आणि खालून गुलाबी तांबं उघडं पडायचं. मला मजा आली. फक्त रसायनाची मजा नव्हती ती, हेही लिहून टाकते. त्यांच्या तपेल्याला मी हवं ते करू शकते, याची मजा होती.

मग तपेलं धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलं. रोप आणायचं राहिलं. बोर्डाच्या परीक्षा आल्या. त्या नागपूरहून परतल्या तेव्हा मी काही बोलले नाही. रोप लावून झाल्यावर सांगू, मग काय बोलतील ते बोलतील, असा विचार केला. वर्तमानपत्राच्या आत हवा आपलं काम करत होती आणि तपेलं आतून काळवंडत होतं.

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू असतं. भोपाळात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचं जरा जास्तच अप्रूप, कारण कारखान्यातल्या मराठी बायका वर्षातून त्या एका दिवशी नऊवारी काढतात. चैत्रगौर मांडायची, वाटली डाळ करायची आणि कैरीचं पन्हं. त्या दिवशी मी पेपर तपासायला गेले होते. सासूबाईंनी कामवालीकडून कपाटावरचं तपेलं काढवलं, साबणाने धुवून घेतलं आणि सकाळी उकडलेल्या कैऱ्यांचं गूळ घातलेलं पन्हं गरम असतानाच त्यात ओतलं. वर ओला पंचा. दिवाळीत कल्हई केलेल्या भांड्यावरून एप्रिलमध्ये बोट फिरवायची गरज कुणाला वाटेल?

मी साडेपाचला दारात पोचले तेव्हा बैठकीत दहा-बारा बायका होत्या. सासूबाई पाटावर बसून ओगराळ्याने पेले भरत होत्या. तपेलं अर्धं रिकामं झालं होतं. सकाळी जिथपर्यंत पन्हं भरलं होतं, त्या रेघेच्या वर तांबं काळं होतं आणि खाली, पन्हं ओसरलं होतं तिथे, ते नव्यासारखं गुलाबी चमकत होतं. तो काळा थर दिवसभरात कुठे गेला हे सांगायला केमिस्ट्रीची शिक्षिकाच हवी होती, आणि ती दारात उभी होती.

दोघीजणींचं पन्हं अजून व्हायचं होतं. एक आमच्या शेजारची वहिनी, दुसरी पुण्याहून नुकतीच बदलून आलेल्या इंजिनियरची बायको. मला फक्त "थांबा" म्हणायचं होतं. पण थांबा म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं. का ते सांगितलं की कुणी केलं तेही आलं असतं. मी चप्पल काढली. दोघींनी पेले घेतले. सासूबाईंनी माझ्यासाठी एक भरला तर मी म्हणाले, "नको आई, माझा घसा बसलाय." तो पेला मग त्यांनी स्वतः घेतला. यजमानीण शेवटी पिते ना. मी समोर उभी राहून त्यांना पिताना पाहिलं.

अर्ध्या तासात सुरू झालं. आधी एक, मग तिघी, मग बाथरूमपाशी रांग. शेजारची वहिनी पोट धरून म्हणत होती, "अगं, एकदम घबराहट होतेय, उलटी थांबतच नाहीये." एकीने तर गौरीपुढच्या रांगोळीवरच ओकलं. दोघींना दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. सकाळपर्यंत सगळ्या बऱ्या झाल्या, तेवढं दैव चांगलं. सासूबाई कुणाला न सांगता मागच्या मोरीत जाऊन ओकून आल्या आणि सगळ्यांची माफी मागत फिरत राहिल्या. बायकांच्या ग्रुपवर त्याच संध्याकाळी मेसेज आला: काकूंना आता दिसत नाही, त्यांच्या हातचं खाण्यापिण्याचं ठेवू नये. खाली अकरा जणींचे अंगठे.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सुट्टी घेतली. शेजारची वहिनी चौकशीला आली होती. सासूबाई खुर्चीत, तपेलं टेबलावर, तळाशी थोडं पन्हं उरलेलं. नवरा म्हणाला, "पण झालं काय नक्की? कैऱ्या खराब होत्या का?"

इथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. कैऱ्यांवर गेलं असतं. पण मी उठून हत्यारांच्या डब्यातून एक लोखंडी खिळा आणला, सॅंडपेपरने घासला आणि काचेच्या पेल्यात उरलेलं पन्हं घेऊन त्यात सोडला. "दहा मिनिटं थांबा," मी म्हणाले. आवाज वर्गातला लागला होता, माझा मलाच कळला. मग मी समजावून सांगितलं. लोखंड तांब्यापेक्षा चपळ. द्रवात तांबं उतरलेलं असेल तर लोखंड आपण विरघळतं आणि तांब्याला बाहेर ढकलतं, ते खिळ्यावर बसतं. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्याच क्षाराच्या, निळ्या पाण्यात हेच होतं. तेच मोरचूद पूर्वी उलटी करवायला देत असत. वहिनी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. नवरा पुढे वाकला होता. अकरा वर्षांत माझी केमिस्ट्री त्या घरात पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं.

मी चिमट्याने खिळा काढला. बुडालेला भाग तांबडा झाला होता. तो मी सासूबाईंच्या डोळ्यांपुढे धरला, त्यांना धड दिसत नाही हे माहीत असूनही. "बघा आई. हे सगळ्यांच्या पोटात गेलं. कल्हई नसलेल्या तांब्यात पन्हं ठेवलंत तुम्ही."

"नाही कशी?" त्या एकदम ताठ बसल्या. "कल्हई हाये त्याला. दिवाळीच्या आधी मी स्वतः करून आणली. चौकातून. हिला विचार ना, हिला माहीत हाये."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही मान माझ्याकडे वळवली. त्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. साक्षीदार घरातलाच आहे म्हटल्यावर माणूस जसा निर्धास्त होतो, तशा त्या दिसत होत्या.

मी म्हणाले, "चौकात? तुम्ही? आई, तुम्ही एकट्या चौकात कशा जाल? ती कल्हई नागपूरची. तिला किती वर्षं झाली."

 सासूबाईंचे ओठ हलले. मग त्यांनी हात पुढे केला, तपेल्याच्या आत बोट घातलं आणि काठापासून तळापर्यंत सावकाश फिरवलं. एकदा, दोनदा. बोट नाकाशी नेलं. "नाहीच की वं," त्या म्हणाल्या. बोटांवर त्यांचा आयुष्यभर विश्वास होता. त्या दिवशी बोटांनी त्यांना सांगितलं की त्यांचं डोकं खोटं बोलतंय.

"आई, तू आता गॅसजवळ जायचं नाही. बस," नवरा म्हणाला. तो रागावला नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वयंपाकघर मला मिळालं.

आठवडाभराने त्यांनी मला एकटीला गाठलं. मी पोळ्या लाटत होते, त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या, आत न येता. "ऑटो केला होता ना मी? तू अंगणात उभी होती. मी तुला म्हटलं, त्याला सांगू नको." मी लाटणं न थांबवता म्हणाले, "आई, असं काही झालं नाही. जाऊ दे ना, होतं या वयात." त्या म्हणाल्या, "पण तो भात्याचा धूर..." मी म्हणाले, "तो नागपूरचा." दर चार दिवसांनी त्या नव्याने विचारायच्या, कधी ऑटोवाल्याचा रंगीत शर्ट आठवून, कधी कल्हईवाल्याच्या जळक्या अंगठ्याची खूण सांगून. आणि मी दर वेळी नाही म्हणायचे. खोटं पहिल्यांदा बोलायला जड जातं, विसाव्यांदा कंटाळा येतो. एकदा तर मी वैतागून खेकसले, "किती वेळा तेच तेच, आई!" त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं.

मग दुसऱ्याच गोष्टी विचारू लागल्या. दार मी लावलं का? गोळी घेतली का? काल कुणाचा फोन आला होता, की मला वाटलं? आधी नवऱ्याला विचारायच्या, पुढे फक्त मला. कुणी काही विचारलं तर म्हणायच्या, "हिला विचार. माझं काही खरं नाही." डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि वयोमानाने होतं असं म्हणाले. मी ते उत्तर दोन्ही हातांनी धरलं. झालंही असेल वयानेच. पण ज्या माणसाला आपलं एक घट्ट स्मरण खोटं ठरलेलं दिसलं, तो बाकीची कशाच्या जोरावर धरून ठेवणार, हे मला कुठल्या डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नाही.

तपेल्यात मी मनी प्लांट लावला. येणारे-जाणारे वाहवा करायचे. दोन वर्षांनी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, त्याची पानं पिवळी पडायला लागली. मी रोप उपसून काढलं तर मुळं काळी झालेली आणि तपेल्याच्या आतल्या बाजूला हिरवानिळा कळंक, नखाने खरवडला तर पुडीसारखा सुटणारा. ओल, हवा, माती, तांबं. शिकवलेलंच सगळं. मी अंगणात उकिडवी बसले होते, दोन संध्याकाळी जिथे ॲसिड घेऊन बसले होते तिथेच. सासूबाई उन्हात खुर्चीवर होत्या, मांडीवर जेवणाचं ताट, हनुवटीला वरणाचा थेंब. त्यांनी विचारलं, "कोणाचं वं ते भांडं?"

कोणाचं! मला भडभडून आलं. मी चिखलाच्या हातांनी त्यांचे गुडघे धरले आणि सगळं सांगितलं. तुमचं भांडं. तुम्ही ऑटोने चौकात गेला होतात, एकट्या. धूर, भाता, सगळं खरं. कल्हई मी काढली, ॲसिडने, तुम्ही नागपूरला असताना. पन्हं मी थांबवलं नाही. आणि तुम्ही साक्ष मागितलीत तेव्हा मी खोटं बोलले. तुमची आठवण चुकलेली नव्हती, आई.

त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताने तसं याआधी कधी केलं नव्हतं. "असं म्हणू नये, बाई," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून माझी चूक आपल्या अंगावर घेतेस होय? मी कुठली जाते चौकात!"

मागच्या दारात नवरा उभा होता. त्याने किती ऐकलं मला माहीत नाही. त्यांनी त्याला हाक मारली, "बघ रे, किती मोठं मन हाये हिचं. माझ्यासाठी खोटं बोलून राहिली." त्याने मान हलवली. "माहीत आहे, आई," तो म्हणाला, आणि माझ्याकडे अशा कृतज्ञतेने पाहिलं की मी तोंड फिरवलं.

मी त्याला पुन्हा सांगायला हवं होतं, नीट, पहिल्यापासून. मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात सासूबाईंनी रिकामं ताट चाचपलं, मग माझा हात शोधून धरला.

"मी जेवले का वं?"

"जेवलात, आई," मी म्हणाले.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला.